जहाजावर न गेलेली विमाने

प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या संचातून जुन्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृती जोडणे हा छंद जगभर बराच रुजलेला आहे. आपल्याकडे हे संच महाग पडतात. पण पुठ्ठा, फोम आणि आलेख-कागद यांच्या मदतीने हेच काम शाळेत करता येते. या छंदात एक मजेदार उपशाखा आहे. जी विमाने कधी अस्तित्वातच नव्हती, पण असू शकली असती, त्यांच्या प्रतिकृती करायच्या! त्यातही एक आवडता विषय म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले जमिनीवरून उडणारे एखादे लढाऊ विमान घ्यायचे आणि ते विमानवाहू जहाजावर वापरायचे ठरले असते तर कसे दिसले असते, याची कल्पना करायची.

पुष्कळदा ही कल्पना फार स्वस्तात उरकली जाते. शेपटीखाली तारेचा एक आकडा चिकटवला, वर निळा-करडा रंग दिला, की झाले नौदलाचे विमान! अशी प्रतिकृती दिसायला छान असते, पण तिच्यातून कळत काहीच नाही. याउलट प्रत्येक बदलाला ‘का?’ आणि ‘किती?’ असे दोन प्रश्न विचारले, तर आठवी-नववीच्या पुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र या खेळात आपसूक येते. या लेखात आपण हा खेळ नीट खेळून पाहू. सुरुवात मात्र अशा विमानापासून करू, की ज्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे. गणित शिकवताना मागे उत्तर दिलेले उदाहरण आपण आधी घेतो, तसेच.

ब्रिटनचे स्पिटफायर हे विमान मुलांनी ऐकलेले असते. ते जहाजावर न्यायचे आहे. जहाजावर आणि जमिनीवर फरक काय? मुलांना विचारले तर पहिले उत्तर येते, ‘जागा कमी’. बरोबर आहे, पण ‘कुठली जागा?’ असे पुढे विचारावे. उतरायची जागा कमी असते हे तर झालेच, पण त्याआधी एक साधा अडथळा आहे. विमाने डेकच्या खाली हँगरमध्ये ठेवतात आणि लिफ्टने वर आणतात. ‘इलस्ट्रियस’ या ब्रिटिश जहाजाच्या लिफ्ट १३.७ मीटर लांब आणि ६.७ मीटर रुंद होत्या. स्पिटफायरच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ११.२ मीटर आणि विमानाची लांबी सुमारे ९.१ मीटर.

आता १:७२ या प्रमाणात हे कागदावर काढू. हे प्रमाण विचित्र वाटते, पण त्यात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. त्या हिशेबाने लिफ्ट म्हणजे १९० मि.मी. गुणिले ९३ मि.मी.चा आयत. स्पिटफायरचे पंख १५६ मि.मी., लांबी १२७ मि.मी. पुठ्ठ्याचे विमान कापून मुलांच्या हाती द्यावे आणि पुठ्ठ्यालाच पाडलेल्या त्या आयताकृती खिडकीतून ते आडवे ठेवून पार करायला सांगावे. उभे घाला, आडवे घाला, तिरके घाला, ते जात नाही. म्हणजे पंख दुमडले पाहिजेत.

पण कसे? वर दुमडले तर हँगरचे छत आडवे येते. ‘इलस्ट्रियस’च्या हँगरची उंची १६ फूट, म्हणजे ४.९ मीटर. स्पिटफायरचा पंख चाकांच्या जवळ दुमडला, तर बाहेरचा तुकडा साडेतीन मीटरच्या वर भरतो. तो सांधा स्वतःच जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंच असतो. बेरीज जवळजवळ छताला टेकते. म्हणून स्पिटफायरच्या नौदली रूपात, म्हणजे सीफायरच्या तिसऱ्या आवृत्तीत, पंखाला दोन सांधे आले. पंख वर उचलायचा आणि त्याचे टोक पुन्हा बाहेर खाली मोडायचे. हे सगळे हाताने करावे लागे. अमेरिकेचे कोर्सेर विमान ब्रिटिश नौदलाने घेतले तेव्हा तर त्याच्या प्रत्येक पंखाचे टोक सुमारे २० सेंटिमीटर छाटूनच टाकावे लागले. कारण तेच, छत. विमानाचा आकार हवेने ठरतो असे आपण म्हणतो, पण इथे तो जहाज बांधणाऱ्याने ठरवला!

या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर अमेरिकेतल्या लिरॉय ग्रमन यांनी काढले. त्यांनी एक खोडरबर घेतले, कागदाला लावायच्या दोन टाचण्या वाकवून त्यात खोचल्या आणि टाचणी कोणत्या तिरक्या कोनात बसवली म्हणजे ती फिरून खोडरबराच्या अंगाला समांतर होते, हे हाताने शोधले. पंख वर न जाता मागे वळतो, वळता वळता उभा होतो आणि पक्ष्याच्या पंखासारखा अंगालगत बसतो. १९४१ सालच्या वाइल्डकॅट विमानात (एफ४एफ-४) ही रचना आली. ११.६ मीटर रुंदीचे विमान ४.४ मीटरमध्ये बसू लागले, आणि छताचा प्रश्नही मिटला. हा प्रयोग प्रत्येक मुलाने करावा असा आमचा आग्रह आहे. खोडरबर आणि टाचण्या कुठल्याही वर्गात असतात, आणि फिरण्याचा अक्ष तिरका असला की काय होते हे शब्दांत सांगून कधीच पटत नाही.

जपानच्या झीरो विमानाने इतके काही केले नाही. त्याची दोन्ही टोके फक्त अर्धा-अर्धा मीटर वर दुमडत आणि १२ मीटरचे ११ मीटर होत. त्यांच्या लिफ्टना तेवढे पुरे होते. हे उदाहरण लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता उतरणे. विमान हवेत तरंगते ते पंखावरच्या उचल-बलामुळे. हे बल पंखाच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे विमानाचे वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ हा जो आकडा येतो, त्याला आपण ‘पंखभार’ म्हणू, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात विमानाचा किमान वेग बदलतो. याहून हळू गेले तर ते पडणार. पंखभार चौपट झाला तर किमान वेग दुप्पट. एवढे एकच सूत्र मुलांना पुरते.

जहाजाला मात्र एक फायदा असतो, ते स्वतः पळत असते. समजा एक विमान ताशी १४० किलोमीटर वेगाने येते आहे आणि जहाज त्याच दिशेने, वाऱ्याच्या समोर, ताशी ५० किलोमीटरने चालले आहे. वारा पडलेला आहे. तर डेकच्या सापेक्ष विमानाचा वेग ९० किलोमीटर. आकडा तारेत अडकून ते ४० मीटरमध्ये थांबले असे धरले, तर मंदन सुमारे ७.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. सीफायरचे वजन ३,२०० किलो धरले तर आकड्यावर आणि तो जिथे जोडला आहे त्या सांगाड्यावर २५ हजार न्यूटन इतका ताण. जमिनीवरच्या विमानाच्या शेपटीकडच्या भागाला असा झटका कधीच बसत नाही. आता जहाज लहान आणि संथ घ्या, ताशी ३२ किलोमीटरचे. सापेक्ष वेग १०८ झाला. वेग वाढला फक्त एक-पंचमांश, पण गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढली.

हे नुसते गणित नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या, तेव्हा त्यांच्यावर छत्र धरायला ब्रिटिशांनी लहान, संथ जहाजांवरून सीफायर उडवली. वारा जवळजवळ पडलेला होता. त्या दिवसांत शत्रूच्या गोळ्यांनी जेवढी सीफायर गेली, त्याच्या कितीतरी पट उतरतानाच्या अपघातांत गेली. चाकांचे पाय मोडले, शेपटीकडचे पत्रे सुरकुतले. आकडा पोटाखाली असल्याने तार ताणली की विमानाचे नाक खाली झुके आणि पंख्याची पाती डेकवर आपटत. याला वैमानिक ‘चोच मारणे’ म्हणत. त्यावर उपाय म्हणून काही विमानांच्या पात्यांची टोके थोडी कापलीसुद्धा गेली. स्पिटफायर हे उत्तम विमान होते यात शंका नाही, पण ते ज्या कामासाठी उत्तम होते ते हे काम नव्हे. त्याची किंमत विशी-पंचविशीतल्या मुलांनी मोजली.

नाक का झुकते? ओढ वस्तुमानमध्याच्या बरीच खालून लागली की वळण-परिणाम होतो. खेळण्यातली मोटार घ्या, तिच्यावर थोडे वजन उंच रचा, मागून दोरा बांधा आणि चालत्या मोटारीला दोऱ्याने अचानक अडवा. दोरा एकदा चाकांजवळ, एकदा वर बांधून पाहा. ओढीची रेषा वस्तुमानमध्याच्या जितकी जवळून जाईल, तितके नाक कमी झुकते. सीफायरच्या नंतरच्या आवृत्त्यांत आकडा पोटाखालून काढून थेट शेपटीच्या टोकाला नेला गेला, तो याचसाठी.

चाकांचेही असेच. स्पिटफायरच्या दोन चाकांत अंतर जेमतेम पावणेदोन मीटर होते. हरिकेनमध्ये ते सुमारे २.३ मीटर होते, म्हणून हरिकेन डेकवर जास्त शहाण्यासारखे वागे. शिवाय जमिनीवर वैमानिक शेवटी नाक उचलून विमान अलगद टेकवतो. जहाजावर तेवढी चैन नसते. तारा संपायच्या आत टेकायचे म्हणजे खाली येण्याचा वेग बराच राहतो. तो सेकंदाला ३ मीटर असला तरी ते विमान सुमारे ४६ सेंटिमीटरवरून डेकवर टाकल्यासारखेच झाले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. खारी हवा धातू खाते, म्हणून लेप हवेत. समुद्रात जहाज शोधून परत यायचे तर इंधन जास्त हवे आणि दिशाशोधनाची साधने हवीत, कारण विमान निघते तिथे परतताना जहाज नसतेच! लांब नाकाच्या विमानातून समोरचे दिसत नाही, म्हणून वैमानिक वळणाने येतात.

प्रत्यक्षात असे आणखी कितीतरी प्रयत्न झाले. अमेरिकेच्या बेल कंपनीने पी-३९ या नाकाखाली चाक असलेल्या विमानाचे शेपटीखाली चाक असलेले नौदली रूप १९४० मध्ये उडवले. नौदलाने ते घेतले नाही. मार्च १९४४ मध्ये एरिक ब्राउन यांनी दोन इंजिनांचे मॉस्किटो ‘इंडिफॅटिगेबल’ जहाजावर उतरवून दाखवले. नोव्हेंबर १९४४ मध्ये मस्टँग विमानाच्या ‘शांग्रिला’ जहाजावर चाचण्या झाल्या. मस्टँगचा पंख वेगासाठी घडवलेला होता, हळू जाताना तो नाखूश असे, आणि किमान वेग व तारांना झेपणारा वेग यांत फारच थोडी जागा उरे. ते काम तिथेच थांबले. या अर्धवट राहिलेल्या गोष्टींतूनच या छंदाला खाद्य मिळते.

आता उत्तर नसलेले उदाहरण घेऊ. जर्मनीने ‘ग्राफ झेपेलिन’ हे विमानवाहू जहाज डिसेंबर १९३६ मध्ये बांधायला घेतले, डिसेंबर १९३८ मध्ये ते पाण्यात सोडले, पण ते पुरे झालेच नाही. युद्धानंतर १९४७ मध्ये सोव्हिएत नौदलाने नेमबाजीचे लक्ष्य म्हणून ते बुडवले. त्याचे अवशेष २००६ मध्ये बाल्टिक समुद्राच्या तळाशी सापडले. या जहाजासाठी मेसरश्मिट १०९ ची एक आवृत्ती तयार झाली होती. तिचे पंख ९.८७ मीटरवरून ११.०८ मीटर केले होते. पण १०९ ची चाके फार जवळजवळ. १९४१ पासून जर्मनीकडे फोकेवुल्फ १९० हे दुसरे विमान होते, ज्याच्या चाकांत तब्बल साडेतीन मीटर अंतर! तर समजा, जहाज पुरे झाले असते आणि त्यावर हे विमान न्यायचे ठरले असते.

मुले म्हणतील, चाके रुंद आहेत, मग प्रश्न सुटला. पण पंखभार काढा. वजन सुमारे ३,९०० किलो, पंख १८.३ चौरस मीटर. दर चौरस मीटरला २१३ किलो. सीफायरचा पंखभार ३,२०० भागिले २२.५, म्हणजे १४२. इथे पहिला धक्का बसतो. चाके, फ्लॅप खाली सोडूनही या विमानाचा किमान वेग ताशी सुमारे १६५ किलोमीटर होता.

म्हणून पंख वाढवू. प्रत्येक बाजूला एक मीटर. टोकाकडे पंख अरुंद असतो, त्यामुळे क्षेत्रफळ फार नाही, साधारण २.२ चौरस मीटर वाढेल, म्हणजे २०.५. वजनात आकडा, मजबुती आणि नवा पंख यांची भर पडेल. ती कमी करण्यासाठी पंखातल्या बाहेरच्या दोन तोफा काढून टाकू (जमिनीवरच्या काही आवृत्त्यांतही त्या काढत असत). वजन ३,९५० धरू. नवा पंखभार १९३. वर्गमूळ काढले तर किमान वेग सुमारे ५ टक्क्यांनी उतरतो, १६५ चा १५७.

एवढी उठाठेव करून फक्त ५ टक्के? होय. पण येताना वैमानिक किमान वेगाहून दहा टक्के जास्त वेग ठेवतो असे धरू, आणि जहाजाचा वेग ताशी ६० किलोमीटर वजा करू. जुन्या पंखाने डेकच्या सापेक्ष वेग १२१, नव्याने ११३. वर्ग करून पाहिले तर तारांना शोषावी लागणारी ऊर्जा सुमारे १३ टक्क्यांनी कमी. आणि मेसरश्मिटचा प्रत्यक्ष बदलही याच जातीचा होता. त्याचा पंख सुमारे ७ टक्के वाढला होता. आपला अंदाज वेडगळ नाही हे पडताळण्याची ही चांगली रीत आहे. ज्या अभियंत्यांपुढे तोच प्रश्न होता, त्यांनी किती मजल मारली ते पाहायचे.

आता लिफ्ट. ‘ग्राफ झेपेलिन’च्या लिफ्ट अष्टकोनी होत्या, १३ मीटर गुणिले १४ मीटर. मूळचे १०.५ मीटरचे विमान पंख न दुमडता सहज मावले असते. आपले १२.५ मीटरचे झाले. १३ मीटरच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडे मिळून अर्धा मीटर जागा उरली, म्हणजे एका बाजूला २५ सेंटिमीटर. आमच्या मते डोलणाऱ्या जहाजावर, घाईत, विमान ढकलणाऱ्या खलाशांना हे परवडणारे नाही. १४ मीटरची बाजू वापरता येईल का, हे लिफ्टवर विमान कोणत्या दिशेने चढते यावर ठरेल. त्यावर पैज लावण्यापेक्षा झीरोची आठवण काढू! फक्त टोकाचा अर्धा मीटर दुमडायचा. मोठा सांधा नको, त्याचे वजन नको. रुंदी ११.५ मीटर झाली. फोकेवुल्फच्या पंखाचा मुख्य कणा एका पंखातून दुसऱ्या पंखात अखंड जातो. त्यामुळे आतल्या बाजूला सांधा करायचा तर सगळा पंखच नव्याने आखावा लागला असता. युद्धकाळात कोण त्याला परवानगी देणार? टोकाचा सांधा म्हणूनच जास्त पटतो.

एक किंमत मात्र मोजावी लागेल. हे विमान एका अंगावर झटकन कलंडण्यासाठी नावाजलेले होते. पंखाची टोके लांबवली की ती चपळाई कमी होणार. प्रतिकृतीत हे दिसत नाही, म्हणून शेजारच्या पाटीवर तरी लिहावे.

करायला हे सोपे आहे. १:७२ मध्ये एक मीटर म्हणजे १४ मि.मी. तेवढे दोन तुकडे घासून पंखांना जोडायचे, टोकापासून ७ मि.मी. आत सांध्याची रेघ कोरायची. आकडा शेपटीच्या चाकाच्या पुढे, कारण टोकाला ते चाक आहे. मग नाक झुकण्याचा धोका पुन्हा येतो, पण इथे चाके किती पुढे आहेत ते मोजून मुलांना वाद घालू द्यावा. जर्मन विमानांच्या शेपटीवरचे नाझी चिन्ह वर्गातल्या प्रतिकृतीवर काढू नये असे आम्हांला वाटते. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या संचांतूनही ते वगळलेले असते.

ज्यांना खरी वस्तू दाखवायची आहे त्यांनी सहल गोव्याला न्यावी. वास्कोजवळ बोगमाळो येथे नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. पहिल्या ‘विक्रांत’वरचे सी हॉक तिथे उभे आहे. ‘विक्रांत’ जहाजही मुळात महायुद्धातलेच, ‘हर्क्युलिस’ नावाने १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये बांधायला घेतलेले. सी हॉकच्या पंखावर सांध्याची रेघ कुठे आहे आणि आकडा कुठे आहे हे मुलांनी आधी अंदाजाने कागदावर काढावे, मग पाहावे. आणि हा सगळा इतिहास झाला असे कोणी म्हणाले, तर तेजसचे उदाहरण द्यावे. त्याच्या नौदली आवृत्तीला मजबूत चाके दिली, आकडा दिला, वैमानिकाला खालचे दिसावे म्हणून नाक झुकवले, आणि हळू उतरता यावे म्हणून पंखाच्या मुळाशी हलणारे जादा पृष्ठ बसवले. ११ जानेवारी २०२० रोजी ते ‘विक्रमादित्य’वर उतरले. वर्गाने या चार बदलांपैकी किती आधी ओळखले, ते फळ्यावर लिहून ठेवावे.